रंगनाथरावांची झडप

संभाजीनगरला जाऊन आलो म्हटलं की कुडाळात प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, लेणी कशी वाटली? लेणी मी पाहिली नाहीत. मकबऱ्याचा घुमट एकदा रिक्षातून लांबून दिसला, तोही रिक्षावाल्याने बोट दाखवलं म्हणून. देवगिरीचा किल्ला आहे त्या जागी असावा, अशी माझी समजूत आहे. आठवडाभर त्या जिल्ह्यात राहून मी जे पाहिलं ते बघायला कुणी तिकीट काढून जात नाही. पण पुन्हा जायची वेळ आली तर मी तेच बघायला जाईन.

जाण्याचं कारण आधी सांगतो. माझी मुलगी मेघना हिचं सासर गंगापूर तालुक्यातलं. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही रंगनाथराव, शेतकरी, माळकरी आणि गावच्या भजनी मंडळाचे मृदंगवादक. मागच्या एकादशीला भजन ऐन रंगात आलं असताना ते मृदंगावरच आडवे झाले. मंडळींना वाटलं, बुवांची समाधी लागली. त्यांनी टाळ आणखी जोरात धरले. दोघातिघांनी पाया पडून घेतलं, एकाने तर गळ्यात हार घातला. विहीणबाई ओरडत धावल्या तेव्हा कुठे गजर थांबला आणि बुवांच्या तोंडावर पाणी मारलं गेलं. पुढे शहरात तपासण्या झाल्या आणि समाधीचं खरं कारण कळलं. हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या तोंडाशी असलेली झडप कडक होऊन आक्रसली होती. छाती उघडून ती बदलायला हवी. नाही बदलली तर पुढच्या वेळी ते उठतीलच, अशी खात्री डॉक्टर देईनात.

झडपा दोन तऱ्हेच्या मिळतात. धातूची बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि रंगनाथरावांना पूर्वी पोटातल्या व्रणातून रक्तस्राव झालेला, त्यामुळे ती बाद. उरली दुसरी, प्राण्याच्या अवयवापासून केलेली. अंडं असेल या शंकेने ज्या माणसाने नातवाच्या वाढदिवसाचा केकही कधी तोंडात घातला नाही, त्याच्या छातीत ती बसवायची होती. आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, तुम्ही या," मेघना फोनवर म्हणाली. "झडप कशाची ते कळल्याशिवाय आण्णा ऑपरेशनला तयार होत नाहीयेत. तुम्ही जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंत, तुमचं ऐकतील."

निवृत्त मास्तरला कुणीतरी ऐकेल एवढं सांगितलं की पुरे. मी बॅग भरली.

वाळूज

स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळची कडक थंडी होती. आमच्याकडे जानेवारीत पहाटे एखादी चादर पुरते, इथे माझे दात वाजत होते. रिक्षावाल्याने आरशातून माझी अवस्था बघितली आणि विचारलं, "पहली बार आए क्या चचा? तो नान-खलिया खाए बगैर नक्को जाना. बदन में गरमी आती." मटणाचा तो रस्सा आणि तंदूरमधून निघालेले गोल, पिवळसर नान यांचं वर्णन त्याने सिग्नल सुटेपर्यंत केलं. मी मनात नोंद केली आणि पुढे जावयाच्या कानावरही घातलं. मासे खाऊन वाढलेल्या माणसाला माळकऱ्याच्या घरी आठवडा काढायचा होता, तेव्हा कुठेतरी आशेचा किरण हवाच होता.

जावई संतोष वाळूजला एका कारखान्यात आहे. त्याच्या घरी चहा होतो न होतो तोच दोघांनी मला समोर बसवलं.

"मामा, एकच करा," संतोष म्हणाला. "झडप कृत्रिम असते म्हणायचं. बस्स. डॉक्टर मॅडमना पण मी सांगून ठेवलंय, जास्त खोलात जाऊ नका म्हणून."

"पण त्यांनी विचारलं तर?"

"कृत्रिम म्हणजे काय खोटं आहे का?" मेघना म्हणाली. तिला तर्कशास्त्रात नेहमी चांगले गुण असायचे.

खोटं नव्हतंच ते. मी मान डोलावली. माणूस जगणं महत्त्वाचं, बाकीचं नंतर बघू, असं माझंही मत होतं. देवधर्माशी माझा तसा फारसा संबंध नाही. आमच्या घरी सोमवारी मासे नाहीत आणि मंगळवारी आहेत. आमच्या पूर्वजांनी देवाशी वाटाघाट करून तेवढं ठरवून ठेवलंय आणि मी ते सवयीने पाळतो.

गंगापूरच्या पुढे

रंगनाथरावांचं गाव गंगापूरच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर, वेचून संपत आलेला कापूस आणि नजर पोचेल तिथपर्यंत सपाट जमीन. डोंगराची सवय असलेल्या माझ्यासारख्याला पहिल्यांदा तिथे उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र एवढं आभाळ आपल्याकडे का नाही, असं वाटायला लागतं.

घरात येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी मी बेसावधपणे मोठ्या घासाला लावली आणि नंतर बराच वेळ कुणाशी बोललो नाही. विहीणबाई पदराआड हसल्या. "इवाई, आमच्याकडं नारळ नसतो बरं का त्यात," म्हणाल्या. व्याह्याला तिकडे इवाई म्हणतात.

संध्याकाळी रंगनाथराव मला हुरडा खायला शेतात घेऊन गेले. चार पावलं चालले की थांबायचे, आणि थांबण्याला कारण हवं म्हणून कुठल्यातरी झाडाची माहिती द्यायचे. मला ते कळत होतं आणि कळतंय हे त्यांनाही कळत होतं. शेवटी गोवऱ्यांच्या विस्तवाशी आम्ही टेकलो. ज्वारीची कोवळी कणसं भाजून, तळहातावर चोळून हिरवे दाणे माझ्या हातावर ओतत त्यांनी विचारलं,

"इवाई, तुमी उभा जलम जनावरांचं शिकवलं. मला सांगा, ती झडप कशाची असती?"

"कृत्रिम असते."

"म्हंजी कशाची?"

वर्गात एखाद्या पोराने असा पुढचा प्रश्न विचारला की मला फार आनंद व्हायचा. या वेळी मी मूठभर हुरडा एकदमच तोंडात टाकला. संतोष, मेघना, डॉक्टरबाई सगळे डोळ्यांसमोर आले. पण समोर रंगनाथराव होते, आणि ते उत्तराची वाट बघत होते. त्यांची छाती उघडायची होती. आत काय बसणार हे सगळ्या जगाला ठाऊक आणि त्यांनाच तेवढं नाही, हे मला त्या क्षणी सहन होईना.

"डुकराची," मी म्हणालो.

त्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले, चूळ भरली.

मी मग सगळं शास्त्र त्यांच्यापुढे मांडलं. ती झडप रसायनात धुतलेली असते, पेशी मेलेल्या असतात, जीव म्हणून त्यात काही उरत नाही, नुसता सांगाडा असतो.

"जीव नाय म्हून तर मेलेलं म्हणत्यात ना, इवाई," ते शांतपणे म्हणाले. "लई बरं केलं सांगितलं ते. मग नको मला ऑपरेशन."

मेघनाचा फोन आला तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन तिला सगळं सांगितलं. "बाबा, तुम्हाला बोलावलं कशाला आणि तुम्ही केलंत काय?" एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मुलीने मला त्यांचा जीव वाचवायला बोलावलं होतं आणि मी एका शब्दात तो घालवून बसलो होतो. रात्रीच्या जेवणात चटणीचा तिखटपणाही मला जाणवला नाही.

भांडी आवरता आवरता विहीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ज्यांनी माळ घातली त्या महाराजांना तरी इचारा." रंगनाथरावांनी जरा विचार केला आणि हो म्हटलं. मी लगेच म्हणालो, "मीही येतो." बिघडवलं मी होतं, तेव्हा घरी बसून राहणं शक्य नव्हतं.

पैठण

एसटीने आम्ही तिघे पैठणला पोचलो. खिडकीतून नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या धरणाचं पाणी दिसलं आणि पाण्यावर बदकांचे थवेच्या थवे. एरवी मी तिथेच उतरून बसलो असतो. त्या दिवशी एकाही पक्ष्याची जात मला आठवेना. मनात एकच धास्ती, की महाराज नाही म्हणाले तर? आणि ते हो म्हणण्याचं काही कारणही मला सापडत नव्हतं.

नदीच्या घाटाजवळ एका लहानशा मठात महाराज राहतात. वयाने खूप थकलेले, एका कानाने ऐकू येत नाही. रंगनाथरावांनी चांगल्या कानाशी बसून सगळं सांगितलं. डुकराचंही सांगितलं. महाराज बराच वेळ दाढी कुरवाळत बसले.

"रंगा, वराह कोणाचा अवतार?"

"देवाचा."

"मग? देवच येऊन बसतोय म्हण की छातीत."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. रंगनाथरावांनी मात्र हात जोडले. "महाराज, अवताराला हात जोडत्यात. त्याला कापून अंगात शिवत न्हाईत. माळ घालताना तुमीच मला सांगितलं व्हतं, कुण्या जिवाचं मांस तुज्या देहात जाऊ द्यायचं नाय. मी तवापासून पाळलंय."

महाराजांनी दाढीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "तुझं खरं हाय. मी ते तुला बरं वाटावं म्हून बोललो. दुसरं उत्तर मपल्यापाशी नाय."

मला त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. विज्ञानाचं उत्तर शेतात संपलं होतं, आता धर्माचंही संपलं. रंगनाथराव भिंतीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर कसलाही राग नव्हता. ठरलं एकदाचं, अशा शांतपणाने ते बसले होते, आणि त्या शांतपणाची मला फार भीती वाटली.

"जाऊ दे," महाराज म्हणाले. "भजनाची येळ झाली. दोन हात वाजीव. हळू वाजीव."

रंगनाथरावांनी कोपऱ्यातला मृदंग पुढ्यात ओढला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, तेव्हा त्याचा आवाज भरदार होतो. सवयीने त्यांनी बायकोकडे बघितलं. विहीणबाई सवयीने उठल्या, आतून परातीत पीठ घेऊन आल्या आणि आमच्यासमोरच मळायला बसल्या. जरा वेळ नुसता बांगड्यांचा आवाज. मग एकाएकी त्यांनी कणकेचा गोळा परातीत आपटला.

"ही कणीक मी जलमभर कशाला लावायला देतीया? तुळशीला?"

त्यांनी पिठाच्या हातानेच मृदंगाकडे बोट केलं.

"बकऱ्याचं कातडं हाय त्ये! वाद्या म्हशीच्या हायेत! ज्या गळ्यात माळ, त्याच गळ्यात त्ये कातडं अडकवून तुमी देवापुढं नाचलात. त्याच्यावर हात मारून देवाचं नाव घेतलं. तवा नाय बाटली माळ? आन् आता आत एवढंसं बसवायचं तर लगेच बाटती व्हय? दोन दिस झाले, तीन शानी माणसं नुसती बोलत बसलीत. मेल्यावर ह्यो मृदंग काय मी वाजवू?"

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. रडता रडताच गोळा पुन्हा मळू लागल्या.

रंगनाथरावांचा हात मृदंगाच्या पुडीवर तसाच राहिला. बोटं हळूहळू त्या कातड्यावरून फिरली. ते महाराजांकडे वळले. "महाराज?"

"मला इचारू नको," महाराज म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं. "एवढी कीर्तनं केली, पर हे मला सुचलं नाय. तिलाच इचार."

बायकोला विचारायची गरज पडली नाही. रंगनाथरावांनी तिच्या हातातून कणकेचा गोळा घेतला, डाव्या पुडीवर थापला, बोटाने कडा सारख्या केल्या आणि तळहाताने एकच थाप मारली. मठाच्या खांबापर्यंत तिचा घुमारा गेला.

"इवाई," ते म्हणाले, "दवाखान्यात फोन लावा. सांगा, येतो म्हून."

फोन मी अंगणात जाऊन लावला. घाईत आधी भलतीकडेच लागला. मग मेघनाला सांगितलं. आत भजन सुरू झालं होतं. मी कधी नव्हे तो दाराशी बसून शेवटपर्यंत ऐकलं. आयुष्यभर मी पोरांना कातडी, स्नायू, झडपा सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मृदंगही लहानपणापासून ऐकत आलो. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवाव्यात हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. झडप तयार करणं विज्ञानाला जमलं होतं आणि त्याबद्दल मला अभिमानच आहे. ती आत घ्यायला रंगनाथरावांना मात्र त्यांच्याच घरातली परवानगी हवी होती, आणि ती बाहेरून कुणी आणून देऊ शकलं नसतं. मी तर नाहीच.

पुन्हा शहरात

ऑपरेशनच्या सकाळी परिचारिका म्हणाली, अंगावर काही ठेवायचं नाही, माळसुद्धा. मी दचकलो. माळकऱ्याच्या गळ्यात माळ नसेल तर तो अन्नपाणी घेत नाही, हे मला तोवर कळलं होतं. रंगनाथराव मात्र हसले. "आदल्या रातीपासून तोंडात काय घालायचं नाय, असं मॅडमच म्हणाल्या. माळेचं आन् मॅडमचं एकच झालं की." आणि त्यांनी माळ काढून माझ्या हातात ठेवली.

"संतोषला कामून देत नाही?"  त्यांच्यासोबत राहून मीही 'का'ऐवजी कामून म्हणू लागलो होतो.

"त्यो फोनवर बोलत हिंडतोय, कुठंतरी इसरंल. हिच्यापाशी दिली तर ही रडंल. तुमी धरा. खाली तेवढी ठिवू नका."

मी ती शर्टाच्या खिशात ठेवली. दार बंद झालं.

दुपार व्हायला आली तरी आतून काही बातमी नव्हती. मेघना म्हणाली, "बाबा, तुम्ही सकाळपासून चहासुद्धा घेतला नाहीत. आम्ही आहोत इथं. जाऊन काहीतरी खाऊन या." खाली उतरलो, रस्ता ओलांडला, आणि काय सांगू, समोरच नान-खलियाचं दुकान. आठवडाभर जे स्वप्नात येत होतं ते मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. मी बाकावर बसलो. नान पुढ्यात आले. पहिला तुकडा मोडायला वाकलो आणि खिशातली माळ छातीला टोचली.

मी स्वतःला समजावलं. माळ त्यांची आहे, माझी नाही. मी असलं काही मानत नाही. इथे नाही तर शेजारी इडली मिळते. सगळे मुद्दे बरोबर होते. वर्गात कुणी हे मांडले असते तर मी पूर्ण गुण दिले असते. पण तो माणूस आत छाती उघडी टाकून पडला होता आणि जाताना त्याने ही एकच गोष्ट माझ्याकडे दिली होती. मला कसलाच घास घेववेना. मी उठलो.

"क्या हुआ चचा?" दुकानदार म्हणाला. "अब्बीच उतारा तंदूर से."

"आज नहीं."

"रोजा है क्या?"

"वैसाही कुछ."

त्याने ताट उचललं आणि "कल आना," म्हणाला.

पाणी मात्र मी प्यायलो. मी इतकाही काही धार्मिक झालो नव्हतो.

संध्याकाळी डॉक्टरबाई बाहेर आल्या. मास्क खाली ओढून म्हणाल्या, सगळं व्यवस्थित झालं, झडप छान चालतेय. संतोष तिथेच खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. मेघनाने माझा हात असा दाबला की गोठ्यामागचं ते सगळं बोलणं तिथेच मिटलं. माझ्या छातीवरून एखादं पोतं उतरवल्यासारखं मला झालं. विहीणबाईंनी भाकरीचा डबा उघडून माझ्यापुढे केला. मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशाकडे बघितलं, आणि डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकाला आत सोडलं. रंगनाथरावांच्या घशातली नळी निघाली होती, गळ्याला मात्र अजून सुया टोचलेल्या. तिथे माळ घालता येईना. परिचारिकेनेच तोड काढली, मनगटाला गुंडाळा म्हणाली. मी वेढे दिले, तिने चमच्याने पाणी पाजलं. पहिला घोट उतरला तसे त्यांनी डोळे मिटले.

मग घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलले. "इवाई, जेवलात का?"

"नाही अजून."

"कालपासून?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"तुमी तर देव मानत नाय."

"नाही मानत."

"मग कामून?"

"तुमची माळ होती माझ्याकडे."

त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून उशीवर गेलं. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. पांघरुणावरची त्यांची बोटं हलायला लागली. ठेका होता तो, अगदी हलका, न चुकणारा.

"जावा आता," ते म्हणाले. "संतोष सांगत व्हता, तुमाला ते नान-खलिया खायचंय म्हून. खाऊन या पोटभर." आणि मग, हसलं तर छातीचे टाके दुखतात हे माहीत असूनही, हसत म्हणाले, "माज्या वाटचं बी खावा. डुक्कर आत गेलंच हाय, आता लपवायचं काय!"

मी रस्ता ओलांडला. दुकानदाराने लांबूनच ओळखलं. "छूटा रोजा, चचा?"

"छूटा," मी म्हणालो आणि बाकावर बसलो.

तीन नान खाल्ले. दोन माझे आणि एक रंगनाथरावांच्या वाटचा.